मंगळवार, सकाळचे अकरा

निवृत्तीची तयारी म्हणजे पैशांची तयारी, असं मानणारे बहुतेक लोक अजून नोकरीत आहेत. पैशांचं गणित चुकलं तर निदान आकडा दिसतो. मंगळवारी सकाळी अकरा वाजता काय करायचं, याचा तक्ता मात्र कोणी बनवत नाही. रविवार काढायला आपण जन्मभर शिकलेले असतो. खरा पेपर मंगळवारचा.

होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. लग्नाला ५०, नोकरीवरून काढून टाकण्याला ४७, निवृत्तीला ४५. म्हणजे हाकलणं आणि गोड भाषणं करून घालवणं यांत फरक दोन गुणांचा! त्यात निवृत्ती एकटी येत नाही. मिळकत बदलते (३८), जोडीदाराशी होणारी भांडणं वाढतात (३५), सवयी बदलतात (२४), करमणूक (१९), गोतावळा (१८), झोप (१६). बेरीज १९५, आणि या मोजपट्टीप्रमाणे १५० च्या पुढे गेलं की आजारपणाचा धोका वाढतो. सुट्टीलाही १३ गुण आहेत, पण ते धरलेले नाहीत; निवृत्त माणसाला सुट्टी कुठून मिळणार?

म्हणून आधी रंगीत तालीम करावी, असं माझं ठाम मत आहे. निवृत्तीच्या वर्षभर आधी दोन आठवडे रजा काढायची. प्रवास नाही, पाहुणे नाहीत, घराची डागडुजी नाही. पहिले तीन-चार दिवस झोपेत जातात, ते हिशोबात धरू नका. नंतर दर तासाला काय केलं ते लिहा. दहा ते बारा या वेळात कितीदा विनाकारण फोन उचलला, तेही प्रामाणिकपणे लिहा. (इथे बरेच जण वही हरवतात.)

नोकरीचे चाळीस तास आणि जाण्यायेण्याचे आठ-दहा, इतकी पोकळी दर आठवड्याला पडते. ती सगळी भरायची गरज नाही. पण निदान दोन कामं अशी हवीत, की तुम्ही गेला नाहीत तर कोणीतरी फोन करून विचारेल. बागकाम यात मोडत नाही. झाडं फोन करत नाहीत. आणि ही कामं नोकरीत असतानाच सुरू करावीत. निवृत्तीनंतर एकदम नवशिका होणं जड जातं, कारण तिथे तुमचा हुद्दा कोणाला ठाऊक नसतो. त्यावरून आठवलं, ‘माजी’ हा शब्द न वापरता तीन वाक्यांत स्वतःची ओळख करून द्यायचा सराव करा. गाडी दुसऱ्या वाक्यालाच अडते.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी निवृत्तीचे टप्पे मांडले, त्यात आधी मधुचंद्र आहे आणि मग भ्रमनिरास. मधुचंद्रात कपाटं आवरली जातात, स्क्रू आकारमानाप्रमाणे लावले जातात. कपाटं संपली की नजर घरातल्या माणसांकडे वळते. साहेबाशिवाय इतकी वर्षं सुरळीत चाललेल्या घराला अचानक सूचना मिळू लागतात: डबे उंचीप्रमाणे लावा, गॅस आधी पेटवता कशाला? जपानमध्ये नोबुओ कुरोकावा या डॉक्टरांनी १९९१ मध्ये, नवरा निवृत्त होऊन घरी बसल्यामुळे बायकांना होणाऱ्या आजाराला चक्क नाव दिलं. उपाय म्हणजे आधीच तह करायचा: रोज निदान तीन तास दोघांनी वेगळं असायचं, स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही, आणि ‘कुठे निघालीस?’ हा प्रश्न दिवसातून एकदाच.

ऑफिसच्या ग्रुपमधून शेवटच्या संध्याकाळीच बाहेर पडा. जुन्या ऑफिसात पहिल्यांदा गेलात तर खुर्ची मिळते, दुसऱ्यांदा हसू, तिसऱ्यांदा लोक घड्याळ बघतात. ‘काही अडलं तर फोन करा’ असं सांगून आलेल्यांना फोन येतोही, पण पासवर्ड विचारायला. तेव्हा पासवर्ड कागदावर लिहून द्यायची घाई करू नये, असाही एक मतप्रवाह आहे.