आईन्स्टाईनच्या नावावर खपवलेला वर्ग

शाळेच्या जुन्या ग्रुपवर ती पोस्ट पुन्हा फिरतेय. नास्तिक प्राध्यापक विचारतात, सगळं देवाने निर्माण केलं तर जगातलं वाईट कोणी केलं? एक विद्यार्थी उठतो. थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव, अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, तसं वाईट म्हणजे देवाचा अभाव. आणि सर, तुमचा मेंदू तरी कोणी पाहिलाय? प्राध्यापक निरुत्तर. तो विद्यार्थी होता अल्बर्ट आईन्स्टाईन! पाठवणारी माणसं भली आहेत, म्हणूनच नीट उत्तर देतो.

आईन्स्टाईनच्या आयुष्यात असा प्रसंग घडल्याची नोंद नाही. उलट त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, की लहानपणी तो फार धार्मिक होता आणि बाराव्या वर्षी विज्ञानाची पुस्तकं वाचून ती श्रद्धा गेली. १९२९ मध्ये त्याने आपण तत्त्वज्ञ स्पिनोझाचा देव मानतो असं कळवलं, म्हणजे सृष्टीच्या नियमबद्धतेत दिसणारा, माणसांच्या कर्मांशी देणंघेणं नसलेला. ३ जानेवारी १९५४ च्या पत्रात तर देव ही कल्पना मानवी दुबळेपणातून आली, असं तो म्हणतो. कट्टर नास्तिकांशीही त्याचं पटलं नाही, हेही खरं.

मेंदूचं उत्तर सोपं आहे. १८ एप्रिल १९५५ ला आईन्स्टाईन गेला, तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने त्याचा मेंदू काढून ठेवला. पुढे त्याचे सुमारे २४० तुकडे केले गेले. जिवंत माणसाचा मेंदू आपल्या नागपुरात, धंतोलीतल्या दवाखान्यांत, एमआरआयवर रोज दिसतो.

थंडीचा मुद्दा ढोबळमानाने बरोबर. पण उष्णता किती कमी आहे ते थर्मामीटर सांगतो, आणि उणे २७३.१५ अंश सेल्सिअसखाली जाताच येत नाही. देवाचा अभाव कशाने मोजायचा?

माझा खरा आक्षेप 'अभाव' म्हणून वाईटाची बोळवण करण्यावर आहे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण खूप आहेत. त्रास उठला की पोरगं गुडघे पोटाशी घेऊन कण्हतं, माय रात्रभर पाय चोळत बसते. तिथे कशाचाही अभाव नाही. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल आलंय, एवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हा दोष पिढ्यानपिढ्या का टिकला, तेही कळलंय. तो दोन्ही पालकांकडून आला तर हा आजार होतो, पण एकाच पालकाकडून आला तर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे संशोधक ॲलिसनने १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. त्या मायला 'हे देवाचा अभाव आहे' असं सांगायला कोणाची जीभ रेटेल? ती टेकडीच्या गणपतीला किंवा ताजबागच्या दर्ग्यात नवस बोलली, तर मी तिला अडवणार नाही. लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करा, हे मात्र तिच्या घरी जाऊन सांगेन. तेवढ्याने पुढच्या पोराचं दुखणं टळू शकतं.

राहिला पोस्टचा गाभा. वाईट म्हणजे देवाचा अभाव, म्हणजेच ईश्वर मानला नाही तर धर्म नाही, नीती नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात, दीक्षाभूमीवर, बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी धम्म स्वीकारला. त्यात सृष्टिकर्ता ईश्वर नाही, पण पंचशील आहे आणि दुःख आहे हे पहिलं सत्य आहे. ही माणसं त्या वर्गात कुठल्या बाजूला बसतात, हे पोस्ट पुढे ढकलण्याआधी ग्रुपवर सांगा.