गळ्याचं नंतर बघू, आधी दुःख आणा

पोराला टीव्हीवर गायला पाठवायचं ठरवलंय ना? मग आधी तो गाण्याचा क्लास बंद करा, फी तरी वाचेल. सुराचं काय, तो मशीन लावून सरळ करता येतो. दुःख मात्र घरूनच न्यावं लागतं आणि तुमच्याकडे नेमकं तेच नाही. बाप बँकेत, आई शाळेत, जुळे सोलापूरला टू बीएचके. अशा पोराला मत कोण देणार?

घाबरू नका. भाच्याच्या वेळी आम्हीही इथंच अडलो होतो. शूटिंगवाले घरी आले आणि सोफा बघून त्यांचे चेहरेच पडले. त्यातल्या एका मुलीनं "संघर्ष कुठंय?" असं इतक्या काळजीनं विचारलं, की ताईला वाटलं यांचं कुणी मूल हरवलंय.

शेवटी मागच्या गल्लीतल्या मावशी कामाला आल्या. त्या विड्या वळतात. त्यांचं सूप ताईच्या मांडीवर आलं, पानं आली, कात्री आली. पण ताईच्या हातून पान फाटायचं, तंबाखू सांडायचा. मग चेहरा ताईचा आणि हात मावशींचे, असं ठरलं. काय बोटं चालतात हो त्यांची! पान गुंडाळलं, तोंड दुमडलं, दोरा मारला, की पुढची. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे कॅमेरा लागला म्हणून त्या काही थांबल्या नाहीत. फक्त एकदा बांगड्या बदलायला लावल्या, ताईच्या हाताशी जुळाव्यात म्हणून. मावशींचं नाव कुणी विचारलं नाही. विचारून करायचं काय, त्यांना कुठं गायचं होतं?

रडण्याचा सराव मात्र घरीच करून जा. परीक्षक खुर्चीतून उठले, की मगच पदर डोळ्याला लावायचा. ताईनं आधीच लावला, सगळं परत करावं लागलं.

पोरगं गाण्यात अगदीच ढ असेल, तर माणसं घरात कोंडून भांडायला लावतात तो खेळ बघा. १९९९ साली नेदरलँड्समध्ये निघाला, २००६ मध्ये हिंदीत आला, २०१८ मध्ये मराठीत. शंभर दिवस टिकायचं असतं म्हणे. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात, दोन खोल्यांत आठ जण, नळाला नंबर लावून वाढलेल्या सोलापूरकराला शंभर दिवसांचं काय कौतुक? उलट तिथं पाणी रोज येत असेल, भांडायला कारण कुठून आणायचं तेवढा विचार करून ठेवा.

निवड झाली रे झाली की डिजिटल बोर्ड लावा. चौकात, मोठं. पोराचा फोटो पासपोर्टएवढा असला तरी चालेल, शुभेच्छुकांचे मात्र चाळीसच्या खाली नकोत.

चुकीचे आदर्श ठेवू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो. आपले डॉक्टर कोटणीस बघा. १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक हिंदुस्थानातून चीनला गेलं. बाकीचे चौघं पुढं परतले, हा सोलापूरचा गडी मात्र शेवटपर्यंत टिकला. जखमींवर ऑपरेशनं करत १९४२ साली, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेला. पाचांतून एकटाच परतला नाही, पण ना व्होटिंग, ना वाइल्ड कार्ड! त्यांच्या नावानं किती जणांनी एसएमएस केले असते, याचा विचार करूनच माझा जीव तुटतो.

आणि जिंकल्यानंतरचं काही वाचत बसू नका. बिहारच्या सुशील कुमारनं २०११ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त पाच कोटी जिंकले आणि २०२० मध्ये लिहिलं, की आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ त्यानंतरच सुरू झाला. असली माणसं उगाच पोरांचा हुरूप घालवतात.

आमचा भाचा दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला. डिजिटल अजून आहे, एक कोपरा सुटलाय, वारा आला की शुभेच्छुक फडफडतात. परवा मावशी दारात आल्या. आत काही आल्या नाहीत. म्हणाल्या, "सूप तेवढं द्या की. पंधरा दिवस झाले, ताटातच वळायलेय मी."

ताई म्हणाली, "आठवडाभर राहू द्या की हो मावशी. धाकटीचं डान्सचं ऑडिशन आहे."