‘एमडी५ करा आणि निर्धास्त राहा’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

कॉलेजच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारी मुलं तो एकमेकांना पाठवतात. आमच्याकडे नव्याने लागलेल्या दोघांनीही तो मला मोठ्या विश्वासाने दाखवला. वर लिहिलंय ‘सुरक्षित लॉगिन, सहा ओळींत’. मजकूर थोडक्यात असा: पासवर्डचा एमडी५ हॅश (ठरावीक गणिताने काढलेली अक्षरं-आकड्यांची ओळ) करून ठेवा, हॅश उलटा फिरत नाही, त्यामुळे डेटाबेस चोरीला गेला तरी भीती नाही. जास्तच काळजी असेल तर एसएचए-२५६ घ्या आणि प्रत्येक पासवर्डला आपला एक गुप्त शब्द जोडा. लॉगिनच्या वेळी युजरनेम आणि हॅश एकाच क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एकाच प्रश्नात, जुळवा. बीक्रिप्ट या हळू हॅश-पद्धतीच्या नादी लागू नका, सर्व्हर मंदावतो. हॅश ब्राउझरमध्येच केला तर आणखी उत्तम. आणि पासवर्डमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे चालू द्या.

गेली १२ वर्षं मी लॉगिनं लिहितोय आणि दुसऱ्यांनी लिहिलेली दुरुस्त करतोय. या सहा ओळींतली एकही जशीच्या तशी वापरण्याजोगी नाही. एकेक घेतो.

‘हॅश उलटा फिरत नाही.’ वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच ते लोकांना पटतं. पण चोराला हॅश उलटा फिरवायचाच नसतो. तो अंदाज लावतो. एक संभाव्य पासवर्ड घेतो, त्याचा हॅश काढतो, चोरलेल्या यादीत सापडतो का बघतो, की पुढचा घेतो. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते एकाच गोष्टीवर: सेकंदाला त्याचे किती अंदाज होतात. गेम खेळण्यासाठी लोक घेतात त्या आरटीएक्स ४०९० कार्डावर हॅशकॅट हा प्रोग्रॅम सेकंदाला एमडी५चे सुमारे १६,४०० कोटी हॅश काढतो. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे शक्य तेवढे सगळे पासवर्ड मिळून २०,८८२ कोटी. सव्वा सेकंदात संपले. आपल्याकडे मोबाईल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवायची सवय आहे. ६ ते ९ने सुरू होणारे दहा आकडी नंबर ४०० कोटी होतात. त्यांना सेकंदाचा चाळिसावा हिस्सा पुरतो.

एमडी५ रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली तयार केलं ते झटपट काम करणारं म्हणूनच. फाइलीचा ठसा काढताना हा वेग कामाचा असतो. पासवर्डच्या बाबतीत तो वेग चोराच्या पदरात पडतो. एसएचए-२५६ एमडी५पेक्षा हळू असलं तरी तेही झटपटच्याच जातीचं आहे, त्यामुळे मेसेजमधली ती सुधारणा फारशी कामाची नाही.

आता गुप्त शब्दाचं बघू. एका पतसंस्थेच्या सभासदांचं वेब ॲप दुसऱ्याकडून आमच्याकडे आलं होतं. युजर टेबल उघडलं. पासवर्डच्या रकान्यात पहिल्या सभासदासमोर ई१०एडीसी३९ने सुरू होणारी ओळ. दुसऱ्यासमोर तीच. तिसऱ्यासमोर वेगळी, मग पुन्हा तीच. पानभर खाली सरकलो तरी मधून मधून तीच ओळ डोकावत होती. हे काम करणाऱ्याला ती बघताक्षणी ओळखता येते: १२३४५६चा एमडी५. खातं उघडताना काउंटरवरच्या ताईंनी तो पासवर्ड टाकून दिला होता आणि ‘नंतर बदला’ असं सभासदांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोष मी त्या ताईंना देणार नाही. ज्याने रकाना तसा ठेवला त्याचा तो दोष.

सगळ्या पासवर्डांना एकच गुप्त शब्द जोडला असता तर काय झालं असतं? ओळ वेगळी दिसली असती, पण १२३४५६वाल्या सगळ्यांसमोर पुन्हा एकच दिसली असती. शिवाय तो शब्द कोडमध्येच लिहिलेला असतो आणि डेटाबेस नेणारा बहुतेक वेळा कोडही नेतो. खरा उपाय जुना आहे. बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ सालच्या निबंधात तो मांडला: प्रत्येक पासवर्डसाठी वेगळं, यदृच्छेने काढलेलं मीठ, म्हणजे सॉल्ट: हॅश करण्याआधी पासवर्डला जोडायची अक्षरं. ते लपवावं लागत नाही, हॅशशेजारीच ठेवतात. त्याचं काम एवढंच की चोराला सगळ्या यादीवर एकदम हात मारता येऊ नये, प्रत्येक माणसासाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागावी. हे माहीत असूनही २०१२ साली लिंक्डइनमधून चोरीला गेलेले हॅश सॉल्ट नसलेले, एसएचए-१ या तशाच झटपट पद्धतीचे निघाले. आधी ६५ लाख बाहेर आले, आणि २०१६ साली कळलं की आकडा ११ कोटींच्या वर आहे.

सॉल्ट आलं की ‘एकाच क्वेरीत जुळवा’ हा मुद्दा आपोआप पडतो, कारण त्या माणसाचं सॉल्ट आधी वाचल्याशिवाय हॅश काढताच येत नाही. युजरनेमवरून ओळ आणायची आणि पडताळणी कोडमध्ये करायची. पीएचपी या वेबसाइट लिहायच्या भाषेत यासाठी २०१३पासून, म्हणजे ५.५ आवृत्तीपासून, पासवर्ड-हॅश आणि पासवर्ड-व्हेरिफाय ही दोन फंक्शनं आहेत. बीक्रिप्टची ६० अक्षरी ओळ एकदा नीट बघा. सुरुवातीला $२वाय$१२$ असतं, म्हणजे पद्धत आणि कॉस्ट (हॅश काढायला किती मेहनत घ्यायची तो आकडा). पुढची २२ अक्षरं सॉल्टची, उरलेली ३१ हॅशची. पडताळायला लागणारं सगळं त्या एका ओळीत असतं. वेगळा रकानाही लागत नाही.

आणि स्वतःच्या हाताने ‘बरोबर बरोबर’ (==) चिन्ह टाकून हॅश जुळवू नका. २४०६१०७०८ या आकड्याचा एमडी५ ०ई४६२०९७…ने सुरू होतो आणि त्यात त्या ‘ई’नंतर सगळे आकडेच आहेत. पीएचपी अशा ओळीला ‘शून्य गुणिले दहाचा अमुक घात’ असं वाचतं, म्हणजे शून्य. समोरचा हॅशही याच घाटाचा असेल तर शून्य बरोबर शून्य, आणि भलत्याच पासवर्डला आत प्रवेश. हे आजच्या पीएचपीतही घडतं.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट राहून जाते. युजरनेम सापडलं नाही तर कोड लगेच ‘चूक’ म्हणून परत येतो, सापडलं तर हॅश काढायला वेळ घेतो. तेवढ्या फरकावरून कुणाचं खातं आहे आणि कुणाचं नाही ते बाहेरच्याला कळतं. म्हणून युजर नसला तरी एका खोट्या हॅशवर पडताळणी चालवायची, आणि संदेश दोन्ही वेळा एकच द्यायचा.

‘बीक्रिप्टने सर्व्हर मंदावतो.’ हो, मंदावतो. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ साली ते मुद्दाम तसं घडवलं. कॉस्ट एकने वाढवली की काम दुप्पट होतं. कॉस्ट १२ ठेवली तर साध्या सर्व्हरवर एका लॉगिनला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. माणूस दिवसातून एकदा लॉगिन करतो, त्याला ते जाणवतही नाही. चोराचं मात्र कंबरडं मोडतं. वर सांगितलेल्या त्याच कार्डावर सेकंदाला दीड हजारही अंदाज होत नाहीत. आठ लहान अक्षरांचे सव्वा सेकंदात संपणारे पासवर्ड आता साडेचार वर्षं खातात, तेही एकाच माणसासाठी. एवढं असूनही जन्मतारीख ठेवणाऱ्याला बीक्रिप्ट वाचवू शकत नाही. शंभर वर्षांच्या तारखा फक्त साडेछत्तीस हजार, त्या अर्ध्या मिनिटात संपतात. म्हणून चोरीत उघड झालेल्या आणि सहज सुचणाऱ्या पासवर्डांची यादी ठेवून ते नोंदणीच्या वेळीच नाकारावेत, आणि एका खात्यावर लागोपाठ चुकीचे प्रयत्न झाले तर अडवावेत. नवीन काम असेल तर २०१५ सालच्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत विजेतं ठरलेलं आर्गॉन२ घ्या. ते वेळेबरोबर मेमरीही खातं, आणि ग्राफिक्स कार्डांना तेच जड जातं.

ब्राउझरमध्ये हॅश करण्याबद्दल फार लिहायला नको. सर्व्हर जे घेऊन आत सोडतो तोच पासवर्ड. ब्राउझरने पाठवलेला हॅश तसाच डेटाबेसमधल्या हॅशशी जुळवलात, तर डेटाबेस चोरणाऱ्याला अंदाज लावायचीसुद्धा गरज नाही. तो हॅशच पाठवेल.

शेवटची ओळ, ‘फक्त इंग्रजी अक्षरं’, मला मनापासून खटकते. मराठी माणसाला लक्षात राहील असं लांब वाक्य मराठीतच सुचतं, आणि लांबी हीच खरी ताकद. ते नाकारण्याऐवजी नीट हाताळायला शिका. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं. ‘माझ्या आजोळच्या अंगणातलं आंब्याचं झाड’ हा पासवर्ड घ्या. शब्दांमधल्या जागा एकेक बाइटच्या धरून मोजलंत तर ७२वा बाइट बरोबर ‘आंब्याचं’मधल्या ‘आ’वर संपतो. म्हणजे पीएचपीत कुणी ‘आवळ्याचं झाड’ लिहिलं तरी दार उघडतं. आर्गॉन२ला ही मर्यादा नाही. दुसरी अडचण ‘किनाऱ्यावर’सारख्या शब्दांची. त्यातला ‘ऱ’ एका कीबोर्डवर एकसंध येतो, दुसऱ्यावर ‘र’ अधिक नुक्ता असा, तर तिसऱ्यावर ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा. डोळ्यांना तिन्ही सारखे, बाइट तीन तऱ्हांचे. पहिले दोन युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एका रूपात आणल्याने, एक होतात. तिसरा होत नाही, त्याच्यासाठी तुम्हालाच नियम लिहावा लागतो. नियम कोणताही घ्या, नोंदणीला आणि लॉगिनला तोच लावा. नाहीतर फोनवर चालणारा पासवर्ड ऑफिसच्या संगणकावर ‘चूक’ ठरतो, आणि आजोबा बिचारे स्वतःलाच दोष देत बसतात.

ज्यांनी मेसेज वाचून एमडी५ आधीच वापरलंय त्यांच्यासाठी, पतसंस्थेचं आम्ही काय केलं ते सांगतो. सभासद लॉगिन करतील याची वाट बघितली नाही. प्रत्येक जुन्या एमडी५लाच बीक्रिप्टमध्ये गुंडाळलं. मग जो सभासद लॉगिन करेल त्याच्या खऱ्या पासवर्डचा ताजा हॅश घ्यायचा आणि गुंडाळलेला पुसायचा. १२३४५६वाल्यांना आत आल्याबरोबर नवीन पासवर्ड मागितला. या कामात लोक जुना रकाना ‘असू दे’ म्हणून ठेवतात. ॲश्ली मॅडिसन या डेटिंग वेबसाइटने कॉस्ट १२चं बीक्रिप्ट वापरलं होतं, पण त्याच पासवर्डांपासून एमडी५ने बनवलेली टोकनंही डेटाबेसमध्ये पडून होती. २०१५ साली डेटा फुटल्यावर सायनोशुअर प्राइम या गटाने बीक्रिप्ट थेट फोडत न बसता, त्या टोकनांवरून १ कोटी १० लाखांहून जास्त पासवर्ड काढले. आम्ही एमडी५चा रकाना त्याच रात्री काढला, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कपाटातल्या बॅकअपच्या तीन हार्ड डिस्कही मागवून घेतल्या.