भाऊंची स्तुती फ्रेंचमध्ये करा

'भावी आमदार' असा फलक लावून भाऊंना खूश करायचे दिवस गेले. तसले फलक जळगाव ते नंदुरबार प्रत्येक खांबावर लटकलेत. शिवाय मराठीतली स्तुती समोरच्याला कळते, आणि कळली की तो हिशेब मांडतो: हा आज एवढा गोड का बोलतोय? अहिराणीत तर सोयच नाही. जिथे खापरावरच्या मांड्यांवर आडवा हात मारूनही पाहुणा 'बरं शे' एवढ्यावर थांबतो, तिथे तुम्ही चार शब्द जास्त बोललात की उसने पैसे मागायला आलात हे ठरलंच.

म्हणून फ्रेंच शिका.

सुरुवात 'वू झेत त्रे एलेगां'ने करा. आपण फार रुबाबदार दिसता. हे भाऊंसाठी. वहिनींसाठी शेवटचा 'त' उच्चारायचा: एलेगांत. हा 'त' भाऊंना लावू नका. त्यांना कळणार नाही, पण पुण्याला शिकणारा एखादा पुतण्या नेमका मागे उभा असतो. 'वू' आदराचं, 'त्यू' एकेरी. क्रांतीच्या भरात 1793 मध्ये पॅरिसला सगळ्यांनी सगळ्यांना 'त्यू' म्हणावं अशी टूम निघाली होती. राजाचं मुंडकंही त्याच वर्षी उडालं. तेव्हा ठेक्याचं बिल निघेपर्यंत 'वू' सोडू नका.

शेतात भरीत पार्टी असेल तर 'से देलिस्यो'. कळण्याच्या भाकरीचा घास तोंडात ठेवून म्हटलंत तर उच्चारातल्या चुका झाकल्या जातात.

आपल्याला जमेल का, अशी शंका नको. चौदाव्या लुईने 1682 मध्ये दरबार व्हर्सायला हलवला. तिथे राजा झोपायला निघाला की मेणबत्ती कोणी धरायची, या मानासाठी मोठमोठे सरदार झुरायचे. भाऊंच्या गाडीचं दार उघडायला तुम्ही दोघांना कोपर मारून धावता ना? मग निम्मा अभ्यासक्रम झालाच आहे, फक्त व्याकरण राहिलंय.

भाऊंनी 'काय म्हनस रे भो?' विचारलं तर अर्थ मात्र सांगू नका. मान झुकवा. आजूबाजूची पोरं माना डोलावतील, कारण न कळल्याचं कबूल करणारं त्यांच्यात कोणी नाही. ती डोलावताहेत म्हणून भाऊही हसतील. तेवढ्यात फाइल पुढे सरकवा. पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलेलं बरं.