जात बघून कुत्रं कळत नाही

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कुत्र्यांबद्दलचा एक मेसेज सारखा फिरतो आहे. पिटबुल, रॉटवायलर या विलायती जाती जन्मतःच खुनी असतात, असं त्यात म्हटलंय. त्यांचा जबडा एकदा बसला की कुलूप लागतं, म्हणूनच सरकारनं २३ जातींवर बंदी घातली. आपलं गावठी कुत्रं मात्र इमानी. ते उगाच चावत नाही आणि चावलंच तर काही होत नाही. तेव्हा राखणीला गावठीच पाळा, साखळीला बांधा, तिखट करा, असा त्या मेसेजचा सल्ला. मी ढोरांच्या दवाखान्यात काम करतो. तिथं कुत्रं चावलेल्या गाई-बकऱ्या येतात, त्यांच्यासोबत कुत्रं चावलेले मालकही येतात. या मेसेजवर विश्वास ठेवून एखादा माणूस रेबीजची लस घ्यायला गेला नाही तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून हे उत्तर.

जबड्याचं आधी उरकतो. कुलूप लागेल अशी कोणतीही रचना कोणत्याच कुत्र्याच्या जबड्यात नसते. पिटबुलचा सांधा आणि आपल्या गल्लीतल्या कुत्र्याचा सांधा एकच. पिटबुल पकड सोडत नाही, ते त्याला सोडायचं नसतं म्हणून.

‘जन्मतःच खुनी’ हा मुद्दा पटकन पटतो, कारण त्यात थोडं खरं आहे. पिटबुलचे पूर्वज इंग्लंडात बैलांवर सोडायला आणि पुढे कुत्र्यांच्या झुंजी लावायला पैदास केले गेले. पकड धरून ठेवण्याची ओढ त्या निवडीतून आली. एवढ्या ताकदीच्या कुत्र्याचा चावा साधा नसतो. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलनं ८२ वर्षांच्या आजींचा जीव घेतला, हे खरंच घडलं आहे. म्हणून ‘कुत्रं कधीच वाईट नसतं, मालक वाईट असतो’ असा जो दुसरा मेसेज फिरतो, तोही मी मानत नाही. पण चावा किती खोल जाईल हे एक, आणि कुत्रं चावेल की नाही हे वेगळं. पहिल्या गोष्टीत जात आणि आकार मोजावाच लागतो. दुसरीबद्दल जात फार कमी सांगते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागण्याची माहिती मालकांकडून घेतली होती आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली होती. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचा जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून उलगडला. आणि रॉटवायलर? जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची ढोरं हाकायला आणि गाड्या ओढायला ठेवलेलं ते कुत्रं.

मग माणूस मरण्यापर्यंत गोष्ट कशानं जाते? अमेरिकेत २००० ते २००९ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या २५६ मृत्यूंचा बारकाईनं तपास झाला. सुमारे ८७ टक्के प्रसंगांत मधे पडेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं. ८५ टक्क्यांत मेलेल्या माणसाची त्या कुत्र्याशी ओळख नव्हती किंवा जुजबी होती. ८४ टक्क्यांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. ७६ टक्क्यांत कुत्रं माणसांच्या रोजच्या सहवासाबाहेर, नुसतं बांधून किंवा कोंडून ठेवलेलं होतं. जात खात्रीनं सांगता आली ती फक्त १८ टक्के प्रसंगांत.

हे वाचताना मला आमच्याकडचे ढाबे आणि फार्महाऊस आठवतात. नागपुरातून किंवा अमरावतीहून महिनाभराचं पिल्लू आणायचं, गेटपाशी साखळीला अडकवायचं, भाकर लांबून फेकायची. पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे. अनोळखी माणसं, लेकरं, मोटारसायकल, दुसरी जनावरं, हे सगळं घाबरण्यासारखं नाही हे ते तेव्हाच शिकतं. भावंडांशी खेळताना दात किती लावायचा, हेही तेव्हाच कळतं. ते दिवस साखळीवर गेले की वाढतं ते भेदरलेलं कुत्रं, आणि भेदरलेल्या कुत्र्याला पळायला जागा नसली की ते अंगावर येतं. मग ते जर्मन शेफर्ड असो की गावठी.

बंदीचा मुद्दा अर्धवट सांगितला जातो. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं १२ मार्च २०२४ ला या २३ जातींवर बंदी घाला असं पत्र राज्यांना पाठवलं होतं, ते खरं. पण एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवलं. संबंधितांशी चर्चाच झाली नव्हती, हा मुख्य आक्षेप होता. नेदरलँडनंही १९९३ पासून पिटबुलवर बंदी ठेवून पाहिली. चावे कमी होईनात, म्हणून २००८ मध्ये ती उठवायचं ठरलं.

आता गावठी कुत्र्याकडे येतो, कारण आमच्या खेड्यात कुत्रं चावलं म्हणजे बहुतेक वेळा तेच चावलेलं असतं. त्याच्या इमानाबद्दल मला शंका नाही. रानडुकरं आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) तूर-हरभरा राखायला जागलीला जाणाऱ्याला विचारा, रात्री वावरात कुत्रं सोबत असणं म्हणजे काय. पण इमान असतं ते आपल्या माणसाशी. धुऱ्यावरून जाणाऱ्या परक्या बाईशी किंवा शाळेतून येणाऱ्या लेकराशी त्याचं काही नातं नसतं. भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो, एका कुत्रीमागे घोळका फिरतो आणि त्या घोळक्यात एरवीचं शांत कुत्रंही ओळख विसरतं. दिवाळीपासून थंडीभर पिल्लावळ. कुटाराच्या ढिगाआड व्यालेली कुत्री तिथून कुटार काढायला वाकलेल्या माणसाचा हात धरते, यात नवल नाही.

आणि घोळके वाढले कशानं? गावाबाहेर टाकलेलं मेलेलं ढोर पूर्वी गिधाडं तासाभरात साफ करायची. ढोरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे दुखणं थांबवणारं औषध मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली. २००६ मध्ये ढोरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. उरलेल्या मढ्यांवर कुत्री वाढली. त्यात स्टँडजवळच्या कोंबडीच्या दुकानांची घाण. मांसासाठी रोज एकमेकांशी भांडणारं टोळकं हे जातीचं काम नाही, आपण गावाबाहेर काय टाकतो त्याचं आहे. मढं पुरणं आणि दुकानदाराला घाण उघड्यावर टाकू न देणं ग्रामपंचायतीला जमण्यासारखं आहे.

‘तिखट करा’ हा सल्ला वाचून मला संताप येतो. मिरची चारून, उपाशी ठेवून, काठीनं डिवचून कुत्रं राखण शिकत नाही; त्याचं पोट जळतं आणि माणसाचा हात दिसला की ते दात काढतं. चोर आणि पाहुणा यातला फरक त्याला कोणी शिकवलेला नसतो. पाळलेल्या जनावरापासून इजा होऊ नये याची काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलमात कुत्र्याची जात विचारलेली नाही.

राहिलं ‘चावलं तरी काही होत नाही’. हे वाक्य कृपा करून पुढे पाठवू नका. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणं बहुधा दोन-तीन महिन्यांनी येतात, तोवर चावा विसरलेला असतो. कुत्रं पिसाळलेलं दिसत नव्हतं, असं लोक सांगतात. पण लक्षणांच्या काही दिवस आधीपासूनच त्याच्या लाळेत विषाणू असू शकतो. जखमेत चुना, मिरची, हळद भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लगेच लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. तिथं नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवायला सांगा. पुढच्या तारखा कार्डावर लिहून मिळतात, शेवटची २८व्या दिवसाची असते. मधे सोयाबीनची काढणी आली तरी ती तारीख चुकवू नका.