'फॅट बर्न झोन'चा मेसेज: त्यातलं खरं किती, भ्रम किती

स्मार्टवॉच वापरणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज सारखा फिरतो. मजकूर साधारण असा: '२२० मधून वय वजा करा. उत्तराच्या ६० ते ७० टक्क्यांतच हार्ट रेट ठेवा, तोच फॅट बर्न झोन. त्याच्यावर गेलात की चरबी जळणं थांबतं आणि स्नायू झिजतात. व्यायामानंतर घड्याळ जितक्या कॅलरी दाखवेल तितक्या खाल्ल्या तरी वजन उतरतं.' चार वाक्यांत चार दावे आहेत. एकेक तपासू.

'२२० वजा वय म्हणजे तुमचा कमाल हार्ट रेट'

हे सूत्र १९७१ च्या सुमारास फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल या संशोधकांच्या नावाने रूढ झालं. आधीच्या अभ्यासांतले आकडे आलेखावर मांडून काढलेली ती एक ढोबळ रेघ होती. गटाची सरासरी म्हणून ठीक, पण एकट्या माणसाच्या बाबतीत १०-१२ ठोक्यांची चूक अगदी सर्रास होते. पन्नाशीच्या माणसाला सूत्र १७० सांगतं, प्रत्यक्षात त्याचा कमाल रेट १५८ असेल किंवा १८२ असेल आणि दोघंही ठणठणीत असतील. २००१ मध्ये आलेलं २०८ वजा (०.७ गुणिले वय) हे सूत्र उतारवयात सरासरीला जास्त जवळ जातं, तरी माणसामाणसांतला फरक त्यानेही मिटत नाही.

त्याहून मोठी गफलत टक्केवारीत आहे. टक्के कशाचे? वय ४०, कमाल १८०, विश्रांतीचा रेट ६० असं धरू. कमाल रेटचे ६० टक्के म्हणजे १०८. कार्व्होनेन या संशोधकाच्या पद्धतीत आधी १८० मधून ६० वजा करायचे, उरलेल्या १२० चे ६० टक्के, म्हणजे ७२ घ्यायचे आणि त्यात विश्रांतीचे ६० परत मिळवायचे. उत्तर येतं १३२. दोन्हीकडे '६० टक्के' असंच लिहितात, पण फरक २४ ठोक्यांचा. बऱ्यापैकी तंदुरुस्त माणसाला १०८ म्हणजे नुसता फेरफटका. काही अ‍ॅप पहिली पद्धत धरतात, काही दुसरी, म्हणून दुसऱ्याच्या झोनशी आपला झोन ताडण्याआधी सेटिंग्ज उघडून बघा.

आकडा हवाच कशाला, असंही कधीकधी वाटतं. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम तीव्रतेचा. दोन-चार शब्दांत धाप लागली तर जोरकस. या कसोटीच्या वेळी घड्याळ काय दाखवतं ते दोन-तीनदा टिपून ठेवलं, की स्वतःचा झोन हाती येतो आणि तो सूत्रापेक्षा भरवशाचा असतो.

'झोनच्या वर गेलं की चरबी जळणं थांबतं'

कमी तीव्रतेला चरबीतून येणाऱ्या ऊर्जेचा *वाटा* जास्त असतो, इतकं खरं आहे. पण वाटा म्हणजे एकूण नव्हे. उदाहरणादाखल: ७० किलोचा माणूस अर्धा तास चालला, सुमारे १२० कॅलरी खर्च झाल्या आणि त्यातल्या ५५ टक्के चरबीतून आल्या, तर चरबीच्या ६६ झाल्या. तोच अर्धा तास पळाला, सुमारे २९० खर्च झाल्या आणि चरबीचा वाटा ३० टक्क्यांवर आला, तरी चरबीच्या ८७. अगदी जोर लावल्यावर हा वाटा आणखी घटतो हे मान्य. पण त्या अर्ध्या तासात काय जळलं यावर वजन ठरत नाही. व्यायामात कर्बोदकं जास्त वापरली गेली, तर उरलेल्या दिवसात शरीर चरबीकडे जास्त वळतं. शेवटी जमाखर्च दिवसांचा आणि आठवड्यांचा असतो.

मग सावकाश व्यायामाला अर्थ नाही का? आहे, आणि भरपूर आहे. तो रोज करता येतो, तासभर चालवता येतो, गुडघे कुरकुरत नाहीत. कारण तेवढंच, त्याला चरबी जाळण्याची जादू चिकटवायची गरज नाही.

स्नायू झिजण्याचं म्हणाल तर ते झोन ओलांडल्याने होत नाही. खाणं एकदम तोडलं, प्रथिनं कमी पडली आणि वजनं उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम केलाच नाही, की होतं.

'घड्याळ सांगतं तोच हार्ट रेट'

हे मेसेजमध्ये उघड लिहिलेलं नाही, गृहीत धरलेलं आहे. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो. रक्त तो शोषतं, आणि परतणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारांवरून ठोके मोजले जातात. हात हलला की त्याचाही चढउतार मिसळतो. पळताना मिनिटाला १६५ पावलं पडत असतील, तर कधीकधी घड्याळ पावलांनाच ठोके समजतं आणि खरा रेट १३५ असताना १६५ दाखवत राहतं. ओळखायची खूण: पहिल्या दोन मिनिटांतच आकडा उसळतो आणि रस्त्याला चढ-उतार आला तरी हलत नाही. शंका आली तर थांबा, लगेच मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. जास्त वेळ मोजलात तर तेवढ्यात रेट खाली आलेला असतो.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घसरणार नाही इतकं घट्ट बांधा, व्यायाम झाल्यावर सैल करा. थंडीत हाताकडचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून वॉर्मअप होईपर्यंतचे आकडे सोडून द्या. गडद टॅटूवर सेन्सर अडखळतो. डंबेल उचलताना मनगट वाकतं, तिथे छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टाच बरा. त्याचे इलेक्ट्रोड आधी ओले करून घ्यायचे, कोरड्या पट्ट्याची पहिली पाच-दहा मिनिटं बेभरवशाची असतात.

'घड्याळातल्या कॅलरी खाल्ल्या तरी चालतं'

सगळ्यात जास्त नुकसान या दाव्याने होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० जणांवर सात उपकरणं तपासली. सातपैकी सहांची हार्ट रेटमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. ठोका मोजता येतो, कॅलरी ठोक्यावरून *अंदाजावी* लागते. ऊन, चहा-कॉफी, धास्ती, पाण्याची कमतरता यांनी ठोके वाढतात, पण ऊर्जेचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. जड वजन उचलतानाही तेच.

त्यात दुहेरी मोजणी. ७० किलोचा माणूस तासभर नुसता बसला तरी सुमारे ७० कॅलरी जातात. त्याच तासात चालला तर एकूण सुमारे २४५, म्हणजे चालण्याच्या फक्त १७५. अ‍ॅपमध्ये 'एकूण' आणि 'अ‍ॅक्टिव्ह' असे दोन आकडे असतात. 'एकूण' बघून खाल्लं तर बसल्या जागी जाणाऱ्या कॅलरी पुन्हा ताटात येतात.

२०१६ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या चाचणीत, २४ महिन्यांनी, अंगावर ट्रॅकर घालणाऱ्या गटाचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं, नेहमीच्या पद्धतीने स्वतःच नोंदी ठेवणाऱ्या गटाचं ५.९ किलो. ते दंडावरचं, हार्ट रेट न मोजणारं उपकरण होतं, त्यामुळे घड्याळाने वजन वाढतं असा निष्कर्ष कोणी काढू नये. ट्रॅकर घातला की वजन उतरतंच, एवढा दावा मात्र तिथे टिकत नाही.

खाण्याचा हिशेब वजनकाट्यावर सोडा. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी बघा. एका दिवसाचा किलोभर फरक बहुधा पाण्याचा असतो. दोन-तीन आठवडे सरासरी हलली नाही, तर रोजच्या खाण्यातून २०० ते ३०० कॅलरी कमी करा. घड्याळाला दुसरं काम द्या: महिन्यातून एकदा तोच सपाट रस्ता, तोच वेग, तीच वेळ, आणि सरासरी हार्ट रेट टिपा. १२८ चा ११९ झाला, तर काटा हलला नसला तरी दम वाढतो आहे.

बीटा-ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी दिलं जाणारं औषध) घेणाऱ्यांसाठी यातले सगळे झोन बाद आहेत, कारण औषध ठोके दाबूनच ठेवतं. त्यांनी डॉक्टरांनी दिलेली मर्यादा पाळावी आणि जोर बोलण्याच्या कसोटीवर जोखावा. छातीत दुखलं, भोवळ आली किंवा ठोके अनियमित वाटले, तर स्क्रीनवर कोणताही झोन दिसत असला तरी थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.