ग्रहणातलं मुसळ: खुलासा

‘ग्रहण लागलं की परातीतल्या पाण्यात मुसळ आपोआप उभं राहतं आणि ग्रहण सुटलं की पडतं’ हा मेसेज २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाच्या वेळीही फिरला होता. हे खरं नाही. मुसळ कोणत्याही दिवशी उभं राहतं.

आमच्याकडे आजीचं मुसळ आहे, खाली लोखंडी कडं बसवलेलं. साध्या मंगळवारी, ग्रहण नसताना, परातीत ठेवलं. दोनदा कललं. तिसऱ्यांदा बोटं अलगद सोडली आणि उभं राहिलं. आईने स्वयंपाक उरकला तरी ते तसंच होतं. बूड सपाट आणि वजनाचा मध्य बुडाच्या वर असला की झालं. पाण्याचा यात काही संबंध नाही.

‘सूर्य-चंद्राची ओढ’ म्हणाल, तर दोघं दर अमावास्येला पृथ्वीच्या एकाच बाजूला असतात. त्यात चंद्राची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या जेमतेम ३ लाखाव्या भागाएवढी. आपण मुसळ फक्त ग्रहणातच उभं करून पाहतो, म्हणून हा समज टिकला.

ग्रहणात काही वेगळी शक्ती असते अशा समजापायी ग्रहणाच्या वेळी गरोदर बाईला तासन् तास उपाशी, अंधाऱ्या खोलीत बसवतात, म्हणून हे लिहिलं. आज घरचं मुसळ काढा आणि उभं करून बघा.